मालीला माल पाठवायचा, पण फिटर पाठवायचे का?

प्रश्न थोडक्यात असा. हिंगणा एमआयडीसीत जिनिंग यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाची राजधानी बामाको, तिथल्या एका व्यापाऱ्याकडून त्यांना सॉ जिनच्या (दातेरी चकत्यांनी कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या) सॉ, रिब आणि जोडणीच्या सामानाची ऑर्डर आली आहे. रक्कम वर्षाच्या उलाढालीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याची. ३० टक्के आगाऊ, ५० टक्के माल बामाकोला उतरल्यावर, आणि राहिलेले २० टक्के तीन फिटर दीड महिना तिकडे राहून यंत्र चालू करून देतील तेव्हा. मालक विचारतात, "फ्रेंच गेले, रशियन आले, भारतीयांसाठी आता वातावरण बरं आहे म्हणतात. माली सुरक्षित आहे का? ऑर्डर घ्यावी का?"

भाऊ, पश्चिम आफ्रिकेत वीजवाहिन्या आणि कारखाना उभारणीच्या कामांवर करार आणि जोखीम बघण्यात माझी बरीच वर्षं गेली. आता नागपुरात बसून लहान निर्यातदारांचे करार वाचून देतो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

"माली सुरक्षित आहे का" या प्रश्नाला उत्तरच नाही. पुण्याचा माणूस आपल्याला विचारतो, "गडचिरोली सुरक्षित आहे का हो?" आपण काय म्हणतो? देसाईगंजला जाताय की भामरागडला, दिवसा की रात्री, आणि कोणाच्या कामासाठी? डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी लोहखनिजाची ७५ हून अधिक वाहनं जाळली, त्याच सुमारास आरमोरीचा बाजार रोजच्यासारखा भरत होता. मालीचंही तसंच. तेव्हा देशाचं नाव बाजूला ठेवा आणि आपली माणसं, आपला माल, आपला पैसा कोणत्या दिवशी कुठे असेल आणि तिथे त्याला कोण अडवू शकतं, ते बघा.

तुमच्या ऑर्डरकडे असं बघितलं की एक गोष्ट लगेच डोळ्यांत येते. माल, पैसा आणि माणसं, तिन्ही एकाच रस्त्यावर आहेत.

मालीला समुद्र नाही. माल न्हावा शेव्याहून सेनेगलच्या डाकार किंवा आयव्हरी कोस्टच्या आबिजान बंदरात उतरणार आणि तिथून ट्रकने हजाराहून अधिक किलोमीटर आत जाणार. डाकारची वाट पश्चिम मालीतल्या कायेसवरून, आबिजानची सिकासो-बुगुनीच्या बाजूने. तुमचा व्यापारी बहुधा मधला माणूस आहे, कारण मालीत शेतकऱ्याला बियाणं-खत उधारीवर देणारी, कापूस विकत घेणारी आणि तो जिन करणारी मुख्य कंपनी एकच, सरकारी सीएमडीटी. सॉ आणि रिब शेवटी तिच्याच एखाद्या जिनात बसणार असतील, तर तुमचे पैसेही शेवटी तिच्याकडूनच यायचे. सीएमडीटीकडे पैसा येतो रुईच्या निर्यातीतून आणि त्या रुईवर बँकांनी दिलेल्या कर्जातून. रुई बाहेर पडते त्याच डाकार-आबिजानच्या रस्त्यांनी. म्हणजे रस्ता बंद पडला तर तुमचा ट्रक अडकतो, गिऱ्हाइकाची तिजोरी आटते आणि तुमचे फिटर आत अडकतात. हे सगळं एकाच आठवड्यात होतं. तुम्ही तीन वेगवेगळ्या जोखमी मोजल्यात, पण ती एकच जोखीम आहे आणि तिच्यावर तुम्ही वर्षाच्या उलाढालीचा तिसरा हिस्सा लावताय.

रस्ता बंद पडणं ही कल्पनेतली भीती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जेएनआयएम या अल-कायदाशी जोडलेल्या संघटनेने कायेस आणि न्योरोची नाकेबंदी जाहीर केली आणि सेनेगल व आयव्हरी कोस्टकडून येणारे इंधनाचे टँकर जाळायला सुरुवात केली. ऑक्टोबरच्या शेवटी बामाकोत पेट्रोलपंपांवर रांगा होत्या आणि सरकारने देशभरातल्या शाळा-महाविद्यालयं दोन आठवडे बंद ठेवली. राजधानी कोणी जिंकून घेतली नव्हती. नुसते रस्ते दाबले होते. नोव्हेंबरपासून जिनिंगचा हंगाम धरायचा असतो, तेव्हाच डिझेल नाही! तुमचे २० टक्के "यंत्र चालू झाल्यावर" मिळणार आहेत. यंत्र चालायला वीज किंवा डिझेल लागतं आणि कापूस जिनापर्यंत यावा लागतो. या दोन्ही गोष्टी तुमच्या फिटरच्या पान्यात नाहीत.

हे झालं बंदूकवाल्यांचं. रस्ता शेजारी देशही बंद करू शकतात. मालीत ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ असे दोन उठाव झाले. निवडणुका लांबवल्या म्हणून जानेवारी २०२२ मध्ये इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने निर्बंध लावले, सीमा बंद झाल्या आणि डाकारला मुख्यालय असलेल्या प्रादेशिक मध्यवर्ती बँकेने मालीची खाती गोठवली. जुलै २०२२ पर्यंत हे चाललं. तेवढ्यात माली सरकारचे स्वतःचे कर्जाचे हप्तेही थकले. शेजारच्या नायजरमध्ये जुलै २०२३ च्या उठावानंतर फेब्रुवारी २०२४ पर्यंत तोच प्रकार झाला, वर नायजेरियाने वीज तोडली. अशा वेळी गिऱ्हाईक कितीही प्रामाणिक असलं तरी उपयोग नाही. त्याच्या खात्यात रक्कम असते, पण ती देशाबाहेर पडत नाही.

आता रशियन-फ्रेंच. यावर लोक तासन्‌तास बोलतात, तुमच्या ऑर्डरपुरतं त्यातलं थोडंच कामाचं. फ्रेंच फौज ऑगस्ट २०२२ मध्ये मालीतून निघाली, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना २०२३ च्या अखेरीस. वॅग्नर ही रशियन भाडोत्री सैनिकांची कंपनी २०२१ च्या शेवटी आली, जून २०२५ मध्ये काम संपल्याचं सांगून बाजूला झाली आणि तिची जागा रशियन संरक्षण खात्याच्या आफ्रिका कोअरने घेतली. माली, बुर्किना फासो आणि नायजर तिघांनी जानेवारी २०२५ मध्ये इकोवास सोडलं. इतकं झालं, पण चलन अजून सीएफए फ्रँकच, युरोला ६५५.९५७ या ठरलेल्या दराने बांधलेलं. म्हणून तिथला व्यापारी "चलन पडलं हो" हे कारण सहसा सांगणार नाही. तो सांगेल "बँकेतून ट्रान्सफर होत नाही", आणि ते खरंही असू शकतं. इकोवास सोडल्यावर या तीन देशांनी बाहेरून येणाऱ्या मालावर ०.५ टक्का नवा करही बसवला आहे. तो कोण भरणार हे करारात नसेल तर तुमच्या माथी येईल.

माझं मत विचाराल तर कोणाचा झेंडा आहे ते बघण्यापेक्षा त्या झेंड्याखालचे लोक कुठे उभे आहेत ते बघा. आफ्रिका कोअरची माणसं बामाको, विमानतळ, लष्करी तळ आणि काही इंधनाचे ताफे सांभाळतात. कापूसपट्ट्यातल्या कुतियालाच्या बाहेरच्या डांबरी रस्त्यावर संध्याकाळी सहानंतर कोण असतं, हे त्यांच्यामुळे बदलत नाही. दुसरी गोष्ट, परदेशी भांडवलाशी सरकारचं वागणंही बदललं आहे. २०२३ च्या खाणकायद्यानंतर बॅरिक या कॅनडाच्या कंपनीशी माली सरकारचं भांडण पेटलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीचे स्थानिक अधिकारी कोठडीत गेले, जानेवारी २०२५ मध्ये सरकारने खाणीतलं सोनं उचललं, आणि तडजोड व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. तुमची सॉ-रिबची ऑर्डर तिथे कोणाच्या खिजगणतीतही नसेल. पण धडा घ्या. पैशाचा वाद अंगलट आला तर तिथे हजर असलेला माणूसच हाताशी सापडतो. म्हणून कंपनीच्या वतीने सही करणारा माणूस वाद मिटवायला कधीही स्वतः जाऊ नये. मालकांनी तर नाहीच.

"आपण भारतीय, आपलं कोणाशी वैर नाही." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! पूर्वी त्यात थोडंफार तथ्य होतं. २०२५ ने ते संपवलं. एप्रिलमध्ये नायजरच्या तिलाबेरी भागातून वीजवाहिनीच्या कामावरचे झारखंडचे पाच कामगार पळवले गेले. १ जुलैला कायेसच्या सिमेंट कारखान्यात हल्लेखोर थेट आत शिरले आणि तीन भारतीयांना घेऊन गेले. त्याच महिन्यात नायजरच्या दोसोमध्ये दोन भारतीय मारले गेले, एकाचं अपहरण झालं. नोव्हेंबरमध्ये पश्चिम मालीत विद्युतीकरणाच्या कामावरचे आणखी पाच. यात कोणी मुत्सद्दी नव्हता की खाणमालक नव्हता. बहुतेक कामावरचीच माणसं होती, तुमच्या फिटरसारखी. कारणही सरळ आहे, खंडणी. परदेशी माणूस म्हणजे वाटाघाटीला बसायचं भांडवल. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमिरातीच्या ओलिसांच्या सुटकेसाठी काही कोटी डॉलर मोजल्याच्या बातम्या वृत्तसंस्थांनी दिल्या. असा भाव एकदा फुटला की पुढच्या माणसाची जोखीम वाढते, त्याचा पासपोर्ट कुठलाही असो.

कारखान्याच्या भिंतीआड माणसं सुरक्षित, हेही कायेसने खोटं ठरवलं. सशस्त्र पहारा मागावा तर तिथे दोन पंथ आहेत. माझा अनुभव असा की ज्या रस्त्यावर हल्ले सैन्यावर होतात, तिथे सैन्याची गाडी पुढे घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ज्या रस्त्यावर भीती फक्त लुटारूंची आहे, तिथे पहाऱ्याचा उपयोग होतो. कुठला रस्ता कुठला, हे नागपुरात बसून मला सांगता येणार नाही, आणि बामाकोच्या व्यापाऱ्याच्या "नो प्रॉब्लेम" वरूनही कळणार नाही.

नियम कागदावर छान दिसतात, तेव्हा एक प्रसंग सांगतो. बुर्किना फासोत एका वीजवाहिनीच्या कामावर आम्ही नियम केला होता, अंधार पडल्यावर गाडी रस्त्यावर नको. आपल्याकडचा काटोलचा एक जुना फिटर होता, तो मला म्हणाला, "सायेब, तुमचं म्हनणं बराबर हाय. पन साइटवरून निंगता निंगता पाच वाजते, अन्‌ कॅम्प दीड तासावर. मंग काय करा लागते?" सूर्य तिथे सहाच्या आसपास मावळतो. नियम करणाऱ्याने, म्हणजे ऑफिसने, कामाची वेळ आणि कॅम्पचं अंतर कधी एका कागदावर मांडलंच नव्हतं. काम साडेतीनला थांबवायचं ठरलं, ठेकेदार ओरडला, मुदत लांबली आणि तो खर्च दरात धरलेला नव्हता. सुरक्षेचा पैसा दर लावतानाच धरावा लागतो. तुमच्या कोटेशनमध्ये तो नाही, तुम्ही पाठवलेल्या तपशिलात फक्त "टी.ए./डी.ए." आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: माल विका, फिटर पाठवू नका. आणि पैशाचे हप्ते मालीच्या रस्त्यापासून सोडवून घ्या.

माल कसा विकायचा? एफओबी न्हावा शेवा, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच जबाबदारी आपली, नाहीतर फार तर आबिजान किंवा डाकार बंदरापर्यंत. तिथून पुढचा ट्रक गिऱ्हाइकाचा. तो म्हणेल, "तुम्हीच बामाकोपर्यंत पोहोचवा, विमा आहे ना?" इथे बहुतेक लहान निर्यातदार फसतात. सागरी मालविम्यात युद्धजोखमीचं जे कलम घेतात, ते माल जहाजावर असेपर्यंतच चालतं. जमिनीवर उतरल्यावर युद्धजोखीम उघडी पडते. दहशतवादी कृत्यासाठी संप-दंगलीचं वेगळं कलम असतं, ते नेहमीच्या प्रवासात जमिनीवरही चालू शकतं. पण त्याच कलमात यादवी युद्धाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. आता सांगा, नाकेबंदीत जळालेला ट्रक दहशतवादात बसतो की यादवी युद्धात? दावा निकाली काढणारा सर्व्हेअर यावर महिनोन्‌महिने बसेल आणि तेवढे दिवस तुमच्या कामगारांचा पगार तुम्ही देत असाल. त्यापेक्षा बंदरावर हात झटका.

पैशाचं. ५० टक्के "बामाकोला पोहोचल्यावर" हे कलम काढा. त्याऐवजी जहाजावर माल चढल्याची कागदपत्रं दाखवली की पैसे, आणि तेही कन्फर्म्ड एलसीवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेच्या ज्या हमीपत्रामागे दुसरी बँकही उभी राहते त्यावर. बामाकोच्या बँकेने एलसी उघडली एवढ्याने भागत नाही. निर्बंध लागले की ती बँकच पैसे बाहेर पाठवू शकत नाही, हे २०२२ मध्ये दिसलं. मालीबाहेरच्या, आपल्या बँकेला मान्य असलेल्या बँकेचं कन्फर्मेशन हवं. त्याची फी लागेल. कोणीच कन्फर्म करायला तयार नसेल, तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर समजा. ज्यांचा धंदाच जोखमीचा भाव लावायचा आहे, त्यांना या जोखमीला भावच लावता आलेला नाही. मग पूर्ण रक्कम आगाऊ, नाहीतर राम राम. ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीकडेही जा. देशाचा त्यांच्याकडचा सध्याचा वर्ग कोणता, मर्यादित कव्हर आहे का, आणि हा विशिष्ट गिऱ्हाईक त्यांना चालतो का, तिन्ही लेखी विचारा. एक विसरू नका, निर्यातीचा पैसा ठरल्या मुदतीत देशात आणायची जबाबदारी फेमा या परकीय चलन कायद्याखाली तुमची आहे. तिकडे उठाव झाला तरी इकडे बँक तुम्हालाच पत्र पाठवणार.

उरले २० टक्के. ही रक्कम कमिशनिंगला, म्हणजे यंत्र चालू करून देण्याला, बांधलेली राहणारच असेल, तर कलम असं लिहून घ्या: माल बंदरावर उतरल्यापासून ९० दिवसांत यंत्र चालू झालं नाही आणि कारण विक्रेत्याचं नसेल, तर चालू झालं असं धरून रक्कम देय. "दैवी आपत्ती आणि दंगल" वालं फोर्स मेजरचं कलमही नीट वाचा. गिऱ्हाईक पाठवतो त्या मसुद्यात ते बहुतेक वेळा त्याचं पैसे देणंही माफ करून टाकतं. माल घ्यायला उशीर माफ, पैसे द्यायला उशीर माफ नाही, एवढं वाक्य घाला.

फिटर नाही तर यंत्र बसवणार कोण? त्यांचे मेकॅनिक. मालीतल्या जिनमध्ये वर्षानुवर्षं सॉ बदलणारी माणसं आहेत. आपल्या विदर्भात बहुतेक डबल रोलर, म्हणजे रुळांचं जिन, चालतं, त्यामुळे सॉ जिनवर त्यांचा हात तुमच्या पोरांपेक्षा जास्त बसलेला असू शकतो. दोन-तीन मेकॅनिकना इकडे बोलवा. अमरावती रोडवर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, भारत सरकारच्या कापूस साहाय्य कार्यक्रमात आफ्रिकेतल्या लोकांना तिथे प्रशिक्षण दिलं गेलंय. त्यांच्याशी बोला. तिकिटं आणि राहणं तुम्ही दिलंत तरी तीन फिटरच्या दीड महिन्यापेक्षा स्वस्त पडेल. उरलेल्या अडचणी व्हिडिओ कॉलवर, आणि अगदीच भेटायची वेळ आली तर आबिजानला भेटा.

माझं हे मत कशाने बदलेल? ऑर्डर थेट सीएमडीटीची असेल, बाहेरच्या बँकेचं कन्फर्मेशन हातात असेल, आणि काम बामाको शहरातच विमानतळाजवळच्या वर्कशॉपमध्ये असेल, तर एका अनुभवी माणसाला आठवडाभर, विमानाने आत आणि विमानाने बाहेर, यावर मी विचार करीन. तेव्हाही परराष्ट्र मंत्रालयाची आणि बामाकोतल्या आपल्या दूतावासाची त्या आठवड्यातली सूचना बघूनच. रस्त्याने कायेसकडे किंवा नायजर-बुर्किनाच्या सीमेकडे, कोणत्याही अटीवर नाही. आणि ऑर्डर उलाढालीच्या विसाव्या हिश्श्याची असती तर पैशाच्या बाबतीत मी इतकं ताणून धरलं नसतं, थोडी जोखीम घ्या म्हटलं असतं.

फिटरविषयी आणखी एक, कारण हे कोणी सांगत नाही. दहावी न झालेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआर (कामाला जाण्याआधी मंजुरी हवी) असा शेरा असतो आणि ठरावीक १८ देशांत कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते. सुदान त्या यादीत आहे, माली आणि नायजर नाहीत. म्हणजे तुमचा माणूस मालीला निघाला तर ती चाळणीच लागत नाही. करार, पगार, विमा तपासणारे फक्त तुम्ही. त्याची अपघात विमा पॉलिसी काढून बघा, युद्ध आणि दहशतवाद बहुतेक वेळा वगळलेला असतो. "आम्ही स्वखुशीने जातो" असं लिहून घ्यायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. त्या कागदाने घरच्यांना काही मिळत नाही, आणि तुमच्यावरची जबाबदारीही त्याने सुटत नाही. माणूस पाठवायचाच झाला तर त्याच्या बायकोला आणि वडिलांना समोर बसवून सांगा, कुठे जाणार, कोणाच्या गाडीतून, फोन लागला नाही तर कोणाला विचारायचं. त्या खोलीत जे सांगताना जीभ अडखळेल, ते कलम अजून सुटलेलं नाही असं समजा.

आता या आठवड्यात व्यापाऱ्याला उलट मेल टाका. विचारा: शेवटचा वापरणारा कोण आणि कुठल्या गावातला जिन? सीएमडीटीचं टेंडर असेल तर त्याची प्रत. एलसी कुठली बँक उघडणार आणि कन्फर्म कोण करणार? आबिजान बंदरावर ताबा घ्यायला त्याचा क्लिअरिंग एजंट कोण? खरा गिऱ्हाईक चार दिवसांत चारही उत्तरं देतो, कारण त्याला हंगामाआधी सॉ हव्या असतात. "सर, पहिले पीआय (प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, कच्चं बिल) पाठवा, बाकी नंतर बघू" असं आलं, तर तुमच्या शॉपफ्लोरवर त्याच्या ऑर्डरचं पोलाद कापू नका.